हिलालअण्णा आणि पंधरा दिवसांचं यंत्र

मी रेकॉर्डिंग पुसलं नाही. हे वाक्य मी तीन वर्षं स्वतःला ऐकवत आलो, आणि अक्षरशः पाहिलं तर ते खरंही आहे. मी बटण दाबलं नाही, यंत्राला हात लावला नाही. मी फक्त दिवस जाऊ दिले. आमच्या शाळेच्या कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या डीव्हीआरमध्ये पंधरा दिवसांपुरतीच जागा होती. त्यानंतर सगळ्यात जुन्या चित्रावर नवं चित्र चढायचं. हे मला पक्कं माहीत होतं, कारण हिलालअण्णांनी ते मला दोनदा सांगितलं होतं. तरीही संस्थेच्या बैठकीत विचारणा झाली तेव्हा मी अण्णांचं नाव पुढे केलं. अण्णांना तुम्ही पाहिलेलं नाही. मी बोट कुणाकडे दाखवलं ते कळावं, म्हणून हे लिहितो आहे.

मी शहादा तालुक्यातल्या एका गावात मुख्याध्यापक आहे. शाळेत कॅमेरे बसवायचे ठरले तेव्हा अण्णा एसटीने आले, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला डीव्हीआर घेऊन. "अंडं शे हाई," ते म्हणाले, "धक्का लागना का आतली तबकडी गयी." तोरणमाळच्या घाटातून वर नेतानाही त्यांनी असंच एक यंत्र सगळ्या वळणांवर पोटाशी धरलं होतं म्हणे. त्यांची जोडणी झाल्यावर आमच्या लिपिकाने नारळ फोडला आणि हळद-कुंकू थेट यंत्राच्या जाळीवर वाहिलं. अण्णांनी टोपी काढून कपाळाला हात लावला. "अहो भाऊसाहेब, देवले श्वास लागत नही, याले लागस!" मग खिशातला रंगाचा ब्रश काढून अर्धा तास एकेका छिद्रातली हळद झाडत बसले.

साठीला आलेला सडपातळ माणूस, शर्टाच्या खिशात टेस्टर, दोन पेनं आणि बडीशेप. शहाद्याच्या बसस्टँडमागे त्यांचं बिनपाटीचं दुकान होतं. तरुणपणी सायकलच्या कॅरिअरला टीव्ही आणि हँडलला व्हीसीआर बांधून ते गावोगाव भाड्याने नेत. पुढे लग्नांच्या कॅसेटी काढल्या. मग टीव्हीवरचं चालू चित्र साठवणारे डबे आले. कापूसवेचणीच्या दिवसांत बाया अण्णांना गाठायच्या, "अण्णा, मन्ही मालिका धरी ठेवा." अण्णा त्यांच्या डब्यांना वेळ लावून द्यायचे. बाया दिवसभर कापूस वेचून आल्या की जेवण उरकून सासूसुनांची भांडणं निवांत बघायच्या. एकीने तर जाहिराती पळवता येतात हे कळल्यावर अण्णांना घरची केळी पाठवली होती. त्यानंतर दुकानं, कापसाच्या जिनिंग मिल, दवाखाने, शाळा यांच्यासाठी कॅमेऱ्यांचे डीव्हीआर आले.

"कॅसेटना जमानामा माणूस ठरावे काय ठेवानं," अण्णा सांगत. "आते मशीन सगळं ठेवस आनि सगळं फेकी देस. त्याले काय समजस? ठेवनारा माणूसच लागस."

त्यांचे दोन नियम होते आणि ते सगळ्या तालुक्याला पाठ होते. मालकाचा कागद असल्याशिवाय ते रेकॉर्डिंगला हात लावत नसत. आणि भांडणाचं चित्र कुणालाही एकट्याला दाखवत नसत. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत एका व्यापाऱ्याच्या तंबूवर त्यांनी कॅमेरे लावले होते. एक गिऱ्हाईक ओरडत आलं की मला विकलेला घोडा बदलला. व्यापारी अण्णांना म्हणाला, "आधी मले एकलाले दाखा."

"एकलाले नही. ज्यानं चित्र शे त्याले शेजारे बसाड, मंगच मी लावस."

दोघं एका बाकावर बसले. पडद्यावर दिसलं, की गिऱ्हाईक स्वतःच चहा पिऊन आलं आणि शेजारच्या खुंटीचा घोडा सोडून घेऊन गेलं. जमलेली माणसं पोट धरून हसायला लागली. अण्णा ओरडले, "हासू नका रे! कॅमेरा तुम्हनाकडे फिरना म्हणजे कळी जाई!" गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी दिलं. माणसाची फजिती त्यांना बघवत नसे.

आता माझी गोष्ट. हर्षा तेव्हा सातवीत होती. मधल्या सुट्टीत ती जिन्यावरून खाली पडली आणि तिचा कोपर मोडला. तिचे वडील रमणभाऊ, केळीचे बागायतदार, दुसऱ्याच दिवशी शाळेत आले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "सर, ती कशी पडनी ते मले देखू द्या." जिन्याचा लोखंडी कठडा खालून सुटला होता. शिपायाने ते मला महिनाभर आधी सांगितलं होतं. वेल्डिंगवाल्याला निरोप द्यायचा मी आज-उद्या करत राहिलो होतो.

मी रमणभाऊंना म्हणालो, "तंत्रज्ञ आला की दाखवतो." त्याच संध्याकाळी अण्णांचा फोन आला. बातमी शहाद्यापर्यंत पोहोचली होती. "सर, दोन वळीना कागद द्या, मी पेनड्राइव्हमा काढी ठेवस. हाई मशीन पंधरा दिनमा इसरी जास."

"चाचणी परीक्षा आटोपू द्या, अण्णा."

बाराव्या दिवशी पुन्हा फोन आला. "सर, आते तीनच दिन शेत."

"मी कळवतो," मी म्हणालो. दोन ओळींचं पत्र लिहायला दोन मिनिटं लागली असती. त्या चित्रात काय असेल ते मला न बघताही दिसत होतं, म्हणून मी ते लिहिलं नाही. अण्णांना दिलेल्या शब्दाप्रमाणे कळवलंही नाही.

महिन्याने बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "रेकॉर्डिंग कुठे आहे?" मी उठून अगदी शुद्ध मराठीत सांगितलं, "यंत्रणेची देखभाल बाहेरच्या तंत्रज्ञाकडे आहे. रेकॉर्डिंग नाहीसे कसे झाले, ते तेच सांगू शकतील." त्यात खोटा शब्द एकही नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "पुसायचे पैसे घेतले असतील त्याने." मी खाली बसलो आणि पाणी प्यायलो.

अण्णा दोन दिवसांनी शाळेत आले. दारातच उभे राहिले. शिपाई आणि लिपिक दोघंही तिथेच होते.

"सर, मी तुम्हले फोन करा व्हता ना? दोन दाव?"

मी समोरच्या हजेरीपटाचं पान उलटलं. ते मग "बरं" म्हणाले, यंत्राच्या पेटीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले. बाहेर जाताना फलकाच्या सुटलेल्या तारेला त्यांनी सवयीने गाठ मारली, ती मी खिडकीतून पाहिली.

संस्थेच्या चारही शाळांचं काम त्यांच्याकडून गेलं. पण खरा घाव पुढचा होता. लोक आपल्या दुकानाचा, दवाखान्याचा डोळा ज्याच्या हवाली करतात त्या माणसाकडे विश्वासाखेरीज विकायला दुसरं काही नसतं. सराफाने पासवर्ड बदलून घेतले. डॉक्टरांनी नंदुरबारहून दुसरा माणूस बोलावला. बघता बघता अण्णांच्या दुकानात फक्त लग्नांच्या जुन्या कॅसेटी नव्या डिस्कवर उतरवून देण्याचं काम उरलं. मी बसस्टँडला जाताना मागचा रस्ता टाळू लागलो.

यंदा हर्षा दहावीचा अर्ज भरायला ऑफिसात आली. सही करताना तिचा कोपर पूर्ण सरळ होत नव्हता. मी विचारलं, "दुखतो का अजून?"

"नही सर, दुखत नही." मग पेन खाली ठेवून म्हणाली, "कठडा मन्हा हातमा उना व्हता. मी तव्हयच सगळासले सांगं. कोनी ऐकंच नही. म्हणेत, तू पळी ऱ्हायंती व्हशी. बाबा तर आज बी अण्णाले शिव्या देतस."

मी तिला "जा" म्हणालो. त्या दिवशी आणखी काही काम माझ्या हातून झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या दुकानात गेलो. ते एका कॅसेटची सुटलेली फीत पेन्सिलने गुंडाळत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, बडीशेप दिली. मी सगळं सांगितलं. कठडा, शिपायाचा निरोप, न लिहिलेलं पत्र. त्यांची पेन्सिल फिरतच राहिली.

"मले मालूम व्हतं," ते म्हणाले.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी काय बोलू? फोनवरनं बोलनं मन्हाकडे कोठे रेकॉर्ड शे?" ते हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "सर, मन्ही बायको तीन वरीसपाईन कोनाच लगनमा जात नही. बाया इचारतस, अण्णानी किती पैसा घीदात? तुम्ही मन्हं नाव चार माणसंमा घीदं, आनि माफी मन्हा कानमा मांगतस? जठे बोलनात तठे बोला."

"नोकरीवर येईल, अण्णा."

"येई. मन्हावर उनीच ना?" त्यांनी कॅसेट यंत्रात सरकवली. "आनि लवकर करा. मन्ही हार्डडिस्क बी जुनी व्हयनी शे."

गेल्या शनिवारी पालकसभा होती. संस्थेचे अध्यक्ष मंचावर होते, रमणभाऊ दुसऱ्या रांगेत. अण्णांना मी स्वतः बोलावलं होतं. ते बायकोला घेऊन आले आणि अगदी शेवटच्या खुर्च्यांवर बसले. रमणभाऊंनी वळून त्यांना पाहिलं आणि मान फिरवली. माझ्या हातात लिहून आणलेला कागद होता, नीट मुद्दे काढलेला. पहिलं वाक्य वाचलं, "सदर प्रकरणी माझ्याकडून अनवधानाने विलंब झाला," आणि माझी मलाच शिसारी आली. अनवधानाने काहीच झालं नव्हतं. मी कागद खिशात घातला. सभागृहात घरी बोलतो तशी भाषा मी कधी वापरली नव्हती. त्या दिवशी तीच तोंडात आली.

"रमणभाऊ, कठडा हालस हाई मले महिनाभर आगोदर मालूम व्हतं. हर्षा खरं सांगी ऱ्हायंती. अण्णानी काहीच पुसं नही. त्यासनी मले दोन दाव फोन करा, कागद मांगा. मी जानीबुजी दिधा नही. मंग बैठकमा त्यासनं नाव मीच पुढे करं." अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मंचावरून उतरलो आणि शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेलो. अण्णांच्या शेजारी त्यांची पत्नी पदर घट्ट धरून बसली होती. मी दोघांसमोर हात जोडले.

"अण्णा, वहिनी, चोर मी व्हतू. मले माफ करा."