बिबड्यांची वेबसाईट

पुण्याची नोकरी सोडून मी जळगावला परत आले आणि घराच्या वरच्या खोलीत बसून लोकांच्या वेबसाईट बनवू लागले, त्याला आता पाच वर्षं होतील. सुरुवातीला आई शेजारणींना सांगायची, "कंप्युटरवर काहीतरी करते." पुढे दोन दंतवैद्य, एक मंगल कार्यालय आणि धुळ्याचे एक पाइपांचे व्यापारी एवढी गिऱ्हाइकं झाली, तेव्हा "कंप्युटरवर लोकांची दुकानं मांडते" असं ती म्हणायला लागली. त्या वर्णनात मला आजही फारशी चूक सापडत नाही.

त्या पाइपवाल्या भाऊंकडूनच माझा नंबर त्यांच्या ओळखीच्या एका अक्कांकडे गेला. एका सकाळी फोन आला.

"तू कंप्युटरमा दुकान टाकी देस ती पोर शे ना?"

मी हो म्हटलं.

"मंग आमना बिबड्यासनं दुकान टाकी दे."

अहिराणी मला कानाने समजते, पण बोलता येत नाही. माझी आई यावलकडची, तिची बोली निराळी; आणि मी शाळेपासून पुस्तकी मराठीत वाढलेली. त्यामुळे मी मराठीत बोलत होते, अक्का अहिराणीत, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. त्या शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात राहायच्या. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या दहा बायकांना जमवून ज्वारीच्या बिबड्या करायला सुरुवात केली होती. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवायची, दळायची, लसूण-जिरं-तीळ घालून तिचा पिठल्यासारखा घट्ट घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापून उन्हात वाळवायचा.

मी सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने गेले. अक्का स्टेशनावर न्यायला आल्या होत्या. साठीच्या, उंच, चालायला माझ्यापेक्षा जलद. त्यांच्या गच्चीवर बायका ओळीने बसून थापत होत्या. मी भरपूर फोटो काढले, माहिती लिहून घेतली आणि घाटा खाल्ला. गरम घाट्यावर कच्चं तेल घालून देतात. दोन वाट्या खाल्ल्या.

घरी येऊन मी मन लावून वेबसाईट केली. मजकूरही मीच लिहिला. 'परंपरा आणि गुणवत्तेचा सुरेख संगम' हे पहिलं वाक्य. 'अस्सल खान्देशी चवीचा वारसा आपल्या दारी' हे दुसरं. मला ते फार आवडलं होतं.

दुसऱ्या भेटीत लॅपटॉप गच्चीवर नेला आणि सगळ्यांना मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. वाचून संपलं. मग एका म्हाताऱ्या बाईने शेजारणीला हळूच विचारलं, हा सरकारी कागद आहे का म्हणून.

अक्का माझ्याकडे वळल्या. "हाई कोन बोली राह्यनं?"

"तुम्हीच, अक्का. म्हणजे तुमच्या वतीने."

"मी अशी बोलस का?"

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. पण मला लागलं. दोन दिवस त्या मजकुरावर घालवले होते. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "मग तुम्ही सांगा, मी लिहिते."

मला वाटलं होतं, त्या लाजतील. त्या सरसावून बसल्या आणि सांगू लागल्या. "लिख. आम्ही आकरा जनी शेतस. ज्वारी आमना वावरनी शे. बठ्ठ्या बिबड्या हातवर थापेल शेतस. एखादी जाड निंघी, एखादी पातळ. तळा नहीते भाजा."

मी टाइप करत गेले. मधूनच बाकीच्या सांगायच्या, हे घाल, ते घाल. 'सगळं'साठी 'बठ्ठं' की 'बठ्ठा' यावरून दोघींची जुंपली, कारण एकीचं माहेर साक्रीकडचं होतं. शेवटी जी जे सांगेल ते तिच्या वाक्यात तसंच ठेवायचं, असं ठरलं. बटणंही त्यांनीच बदलायला लावली. 'आमच्याविषयी' होतं तिथे 'आम्ही कोन शेतस' आलं. खरेदीच्या बटणावर 'पिशवीमा टाका'.

निघताना मी प्रामाणिकपणे सांगितलं, "अक्का, लोक इंटरनेटवर अहिराणीत काही शोधत नाहीत. तुमची वेबसाईट कुणाला सापडायची नाही."

"ज्याले बिबडी म्हाईत शे, त्याले हाई बी समजी," अक्का म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत बिबड्यांचं एक पुडकं कोंबलं.

वेबसाईट सुरू झाली. तीन आठवडे काहीच आलं नाही. मी रोज उघडून बघायची. भेट देणाऱ्यांत बहुतेक मीच असायची. अक्कांना फोन करून समजावायचा प्रयत्न केला तर त्या म्हणाल्या, हंगाम चालू आहे, आता बोलायला वेळ नाही.

मग एका दुपारी वेबसाईटवरून एक लांबलचक निरोप आला. सबंध गुजरातीत. अक्षरं ओळखीची वाटायची, पण चौथ्या शब्दाला मी अडकायची. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून पाहिलं, तर त्याने बैल, पाऊस आणि मामा यांच्याबद्दल काहीतरी असंबद्ध सांगितलं. शेवटी प्रिंट काढून मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कापडाचं दुकान असलेल्या गुजराती काकांकडे गेले.

काकांनी चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि थांबले. "लिपी आमची आहे. भाषा नाही."

"मोठ्याने वाचा ना, काका."

त्यांनी वाचलं आणि माझ्या ध्यानात आलं. ती अहिराणी होती. गुजराती अक्षरांत लिहिलेली. पण काका शब्द भलतीकडेच तोडत होते, त्यामुळे मलाही धड कळेना. म्हणून मी अक्कांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि गल्ल्याजवळ ठेवला.

काका एकेक ओळ वाचत होते. त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं. अक्कांना कागद दिसत नव्हता, पण सगळं समजत होतं. प्रत्येक ओळीनंतर पलीकडून "हा, हा, वाच" असं यायचं. दुकानात आलेल्या दोन बायका साड्या तशाच टाकून ऐकत उभ्या राहिल्या. एका ओळीला अक्कांनी काकांना थांबवलं. "हाई परत वाच," त्या म्हणाल्या.

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली.

सगळं ऐकून झाल्यावर अक्कांनी आम्हाला सांगितलं. लिहिणारी बाई सुरतेची. आई-वडील शिंदखेड्याच्या बाजूचे, पोटासाठी तिकडे गेलेले. तिची शाळा गुजरातीत झाली, पण घरात आई अहिराणीच बोलायची. आई गेल्यापासून घरात ती बोली कुणी बोललं नव्हतं. तिच्या मुलीने मोबाईलवर 'बिबडी' शोधून वेबसाईट काढली आणि वाचून दाखवायला घेतली, पण तिला उच्चार जमेनात, म्हणून त्या बाईनेच फोन हातात घेऊन स्वतः अडखळत वाचली. बिबड्या तिला हव्या होत्याच, पण खरं विचारायचं होतं ते वेगळंच: घाटा पाठवता का?

"तिले सांग," अक्का म्हणाल्या, "घाटा टपालमा येत नही. खावाना व्हई ते आठे ये."

मी तसंच अहिराणीत लिहिलं. काकांनी ते गुजराती लिपीत उतरवून दिलं, म्हणजे तिला सोपं जाईल. दोन-तीन शब्दांवर ते अडले, तेव्हा साड्या घ्यायला आलेल्या बायकांपैकी एकीने उच्चार सांगितला. ती शिंदखेड्याजवळच्या नरडाण्याची निघाली.

आणि ती बाई खरंच आली. उन्हाळ्यात, मुलीला घेऊन, सुरतेच्या गाडीने. अक्कांनी मलाही बोलावलं होतं. चाळिशी ओलांडलेली, हसरी, जरा बुजलेली बाई. घाटा समोर आल्यावर तिने तेल मागितलं, बोटाने मधोमध खळगा केला, त्यात तेल ओतलं आणि खाली मान घालून खाल्लं. दुसरी वाटी घेताना ती बोलू लागली, आणि मग तिला थांबवणं अवघड झालं. निम्मे शब्द गुजराती, निम्मे अहिराणी. बायका तिला दुरुस्त करत होत्या, ती परत म्हणून बघत होती, आणि तिची मुलगी ते सगळं मोबाईलवर उतरवून घेत होती.

नंतर दोघी थापायला बसल्या. मीही बसले. माझी पहिली फडक्यावरच फाटली. सुरतेच्या बाईची भाकरीएवढी जाड झाली आणि गच्चीभर हशा पिकला. ती काढून टाकायला निघाली, तर अक्कांनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. जाड व्हयनी ते व्हयनी. तुना हातनी शे."

ती बिबडी तिने दोन दिवस वाळवून, रुमालात गुंडाळून सोबत नेली.

त्यानंतर अक्कांनी वेबसाईटवर आणखी एक पान घालायला लावलं. 'आठे या', म्हणजे इकडे या, असं त्याचं नाव. कोणती गाडी, कुठे उतरायचं, कुणाला विचारायचं, एवढंच त्यात आहे. दर उन्हाळ्यात पाच-सहा घरं तरी येतात. जेवण अक्का घालतात. मात्र जेवायच्या आधी प्रत्येकाला निदान दहा बिबड्या थापाव्या लागतात, आणि हे त्या पानावर लिहायचं नाही, असं त्यांनी मला बजावून ठेवलं आहे.