सरपंचताईंचा कालचा फोटो

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेत एक चोरी पकडली गेली. फोटोची.

मी मुखेड तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. या पावसाळ्यात नदीचं पाणी गावात शिरलं आणि खालची गल्ली सगळी शाळेत राहायला आली... पहिलीच्या वर्गात चुली, चौथीच्या वर्गात अंथरुणं, आणि फळ्यावर अजून माझ्या हातचे पाढे.

त्यात टीव्हीवर एकच विषय चालू. कुणी एक मंत्री ऐन पुरात घरच्यांना घेऊन परदेशी फिरायला गेलेले... तर संकटात पुढाऱ्याने सुट्टी घ्यावी की नाही? वर्गात चार्जिंगला लावलेल्या प्रत्येक मोबाईलवर तोच वाद. मीही त्या मंत्र्यांना मनातल्या मनात चार शब्द ऐकवले, आणि ते अजून परत घेतलेले नाहीत.

आमच्या सरपंच सुमनताईसुद्धा शाळेतच राहत होत्या, कारण त्यांच्याही घरात पाणी. त्यांची लेक औशाला दिलेली, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत... पण माहेरच पाण्यात, लेक येणार कुठे? ती सासरीच थांबली.

त्या दिवशी सकाळी जावयांचा फोन आला. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, बीपी वाढलंय, लातूरला दवाखान्यात नेतोय.

ताई फोन हातात धरून तशाच उभ्या. मग मला म्हणाल्या, "मॅडम, मी गेले तर गाव म्हणंल, आमाला पाण्यात टाकून सरपंचीण गेली सुट्टीवर. टीव्हीवर बघून राहिले ना सगळे."

यात सुट्टी कसली, मी म्हटलं... पण त्यांची भीती खोटी नव्हती. थोडक्या मतांनी निवडून आलेली बाई, आणि पडलेली मंडळी टपूनच बसलेली.

उपसरपंच रफिकभाई म्हणजे लाख माणूस. "ताई, तुमी बिनघोर जा. हितलं मी बघतो, अन् गावालाबी सांभाळतो." त्यांनी ताईंना मोटारसायकलवर बसवून शाळेच्या मागच्या वाटेने मुख्य रस्त्यापर्यंत सोडलं. परत आल्यावर टँकर, तांदूळ, डॉक्टरांची गाडी, सगळं चोख पाहिलं. पण गावाला सांभाळणं म्हणजे काय, ते दुपारी कळलं.

गावाच्या ग्रुपवर फोटो पडला. सुमनताई जेवण वाढतायत, खाली मजकूर... "आज दुपारी सरपंचताईंच्या हस्ते भोजन वाटप." फोटो आदल्या दिवशीचा होता.

रफिकभाईंनी राजकारण पुष्कळ पाहिलं असेल, पंगतीतल्या बायकांची नजर पाहिली नव्हती. पंगत उठायच्या आत बभ्रा झाला. ताईंच्या अंगावर कालचीच साडी, आणि ताटात खिचडी! आज तर पिठलं होतं.

"सरपंचीण हाय कुठं?" वरच्या पट्टीत विचारलं ते गयामायने. खालच्या गल्लीतली सगळ्यात वयस्कर बाई, घर पार बसलेलं, आणि आल्या दिवसापासून ताईंशी रोज भांडण. मदतीत आलेली नवी साडी तिने अजून नेसली नव्हती. अंगावरच्या लुगड्यानिशी घरातून निघाली होती, तेच अर्धं नेसून अर्धं वाळवायची. "माज्या घरातून एवढंच निघालं," म्हणायची.

लोक जमले. कुणीतरी त्या मंत्र्यांचा दाखला दिला. रफिकभाईंना घाम फुटला आणि मला राहवेना... मी सगळं सांगून टाकलं. लेक, कळा, लातूर.

 गयामाय रफिकभाईंवर जी कडाडली... "पोरीच्या पहिल्या बाळंतपणाला माय जाणार न्हाई तर कोण जाईल रे? अन् तिला चोरावानी कामून धाडलंस? सांगून गेली असती तर आमी वेशीपर्यंत घालवायला आलो असतो."

"मंत्र्याला एक न्याय अन् हिला एक?" मागून एकजण पुटपुटला.

"त्यो गेला तवा त्याच्या जागी कोण हुतं, सांग. हिच्या जागी ह्यो हाय की, सकाळधरनं धावपळ करायलाय." गयामायने रफिकभाईंकडे बोट केलं. 

दिवेलागणीला ताईंचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप... रफिकभाईंनी फोन स्पीकरवर टाकला. ताई रडत म्हणाल्या, सकाळच्या पहिल्या गाडीनं येते. गयामायने पुढे होऊन फोनवरच दरडावलं, "पाचवी पुजल्याबिगर गावात पाय ठेवू नको. आमी हाव हितं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पोचले तर गयामाय ओळखूच येईना. मदतीतली नवी, कडक साडी नेसून बसलेली. व्हरांड्याच्या दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं... चौकोनी तुकड्यांत.

तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, त्याला आधी जुनेराचंच दुपटं हवं. आणि गावातली सगळी जुनेरं चिखलात गेली होती.

वाळलेल्या तुकड्यांचं गाठोडं रफिकभाईंनी लातूरच्या एसटीत एका ओळखीच्या बाईंबरोबर दिलं. फोटो काढू का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, काढा, पण आजची तारीख टाका.

पुढाऱ्यांनी संकटात सुट्टी घ्यावी की नाही, यावर टीव्हीवाल्यांचं अजून ठरलेलं नाही. आमच्या गावाचं ठरलं. सरपंचांची नात त्या लुगड्यात निजली आहे, आणि गयामाय इथे पायरीवर बसून नव्या साडीचा न बसणारा पदर सारखा करतेय.