उकिरड्यातली पिशवी

धाड गावात झुंबरबाईंचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. माहेर अमडापूर. आई वारली तेव्हा तिच्या मांडवावरचा एक वाळका दोडका तेवढा त्यांनी आणला. दरवर्षी त्याचंच बी लावायच्या. एक दोडका वेलावरच वाळू द्यायच्या, खडखडला की चुलीच्या धुरावर आढ्याला टांगायच्या.

संकरित ज्वारी आली त्या साली त्यांचे मालक कडूबा बियाण्याची पिशवी घेऊन आले. आरपार दिसणारी पिशवी गावात तेव्हा नवलाची. झुंबरबाईंनी ती धुऊन उन्हाकडे धरली अन् मला दाखवली.

"पाह्य व, पाणी ठरते अन् बोटही दिसते. उंदीर काय करन याले?"

त्या साली बियाचा दोडका अजून पुरता खडखडला नव्हता. पण धीर कुठला. फोडून सारं बी पिशवीत भरलं, तोंड सुतळीनं आवळलं.

मृगात सोडली तर आत पाण्याचे थेंब, बियाला पांढरी बुरशी.

"बियाले घाम आला," कडूबा म्हणाले. "तुले गोधडीत कोंडलं असतं त तूही अशीच निघाली असती."

"हसा. मायचं होतं ते."

बरं दिसलं ते त्यांनी आळ्यात लावलं, उरलेलं पिशवीसकट उकिरड्यात टाकलं. रोज वाकून आळं बघायच्या. काही उगवलं नाही. आईचा वेल बुडाला, असंच आम्ही धरून चाललो. अन् श्रावणात उकिरड्याच्या कडेला दोडक्याचा एक वेल दिसला. मारुतीच्या मनात असलं की कुठंही फुटतं. पहिला दोडका त्यांनी त्याच्यापुढेच ठेवला; दुसरा खडखडेपर्यंत वेलावर राखला.

उन्हाळ्यात खताची गाडी भरताना शेण, भुसा, पत्रावळी, साऱ्यांची काळी माती झालेली. पिशवी मात्र जशीच्या तशी. त्यांनी परत धुऊन उन्हाकडे धरली.

"मायची राख झाली, पत्रावळीची माती झाली. हे काऊन होत नाही व?"

"बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, मावशी," मी म्हटलं.

"हाव? मंग पाहू." अन् ती तिथंच पुरली.

बारा वर्षं कधीच होऊन गेली. दर उन्हाळ्यात पिशवी निघते, झुंबरबाई निरखून बघतात. मग घरात जाऊन आढ्याचा दोडका कानाशी खडखडवतात, अन् येऊन ती परत पुरतात.