वहिनीच्या गोठ्यातला कॅमेरा

मी माझ्या वहिनीच्या गोठ्यात कॅमेरा बसवला, आणि त्यातून कोण कोण बघतंय ते तिला सांगितलं नाही.

माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांना यात काय चुकलं ते चटकन कळायचं नाही. गावाकडच्यांना हे एक वाक्य ऐकूनच हसू येईल. दोघांसाठीही पहिल्यापासून सांगतो.

कागल सोडलं त्या संध्याकाळी हायवेवर पुण्याची गाडी थांबली. दादानं बॅग चढवली. वहिनीनं तुपाचा डबा मांडीवरच धरायचा म्हणून बजावलं. आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, थेट ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. "पावणं, गाव कुठलं?" ड्रायव्हर पेठ वडगावचा निघाला. मग अण्णांनी त्याचं आडनाव, सासुरवाडी, सासुरवाडीची गल्ली असं खणत खणत नातं आमच्या आत्याच्या दिराला नेऊन भिडवलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. नातं सापडल्यावर अण्णा म्हणाले, "मग काळजी न्हाय. पोरगं तुमचंच हाय." इंजिनीअर झालेलं ते पोरगं लाजेनं सीटखाली शिरायच्या बेतात होतं.

पुण्यात आमच्या सोसायटीत असल्या चौकशा फोनच करतो. दादा पहिल्यांदा आला तेव्हा वॉचमननं गेटवर त्याचा फोटो काढून मला ॲपवर पाठवला: हा माणूस तुमचा आहे का? फोटोत दादाचे डोळे मिटलेले, दाढी वाढलेली, चेहऱ्यावर प्रवासाचा राग. खरं सांगतो, मी क्षणभर विचारात पडलो.

वहिनीचं तूप शेजाऱ्यांनी चाखलं आणि मागणी सुरू झाली. गावाहून पार्सल यायला लागलं, तसा मी स्वतःला उद्योजक म्हणवून घ्यायला लागलो. म्हशीचं शेण काढायची वहिनी, धार काढायची वहिनी, विरजण लावायची, लोणी कढवायची वहिनी, आणि व्हिजिटिंग कार्डावर नाव माझं. अशात एक दिवस समोरच्या फ्लॅटमधल्या देशपांडे काकूंनी साध्या कुतूहलानं विचारलं, "तूप छानच आहे हो, पण शुद्ध आहे हे कशावरून?"

मला झोंबलं. आमच्याकडं कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात, फेसाळलेला पेला तिथंच हातात देतात, आणि मला हे विचारायचं? मग माझ्या डोक्यात आलं, गिऱ्हाईक कट्ट्यावर येत नसेल तर कट्टा त्याच्या फोनवर नेऊ. पुढच्या सुट्टीत गोठ्यात कॅमेरा ठोकला आणि त्याची लिंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. वहिनीनं कशाला म्हणून विचारलं, तेव्हा चोराचिलटांसाठी असं सांगून मी मोकळा झालो.

काही दिवस धंदा जोरात चालला. सोसायटीतल्या बायका सकाळचा चहा पीत माझ्या वहिनीला धार काढताना बघायच्या आणि ग्रुपवर अंगठे पाठवायच्या. मग देशपांडे काकूंनी पार्सलवरचा नंबर बघून वहिनीला फोन लावला. अगदी मायेनं सांगितलं, की धारेला बसताना पदर जरा आवरून घेत जा, बादलीत पडतो.

त्याच दिवशी स्क्रीन काळी झाली. वहिनीनं कॅमेऱ्यावर पेंडीचं रिकामं पोतं चढवलं होतं. इकडं ग्रुपवर लगेच चर्चा, आता नेमकं काय मिसळताहेत? मला याचं अजून नवल वाटतं. कॅमेरा नव्हता तेव्हा फक्त काकूंनीच विचारलं होतं. दाखवायला लागलो, आणि एक दिवस दाखवलं नाही तर अख्ख्या सोसायटीला दुधात पाणी दिसायला लागलं.

तूप थांबलं ते थांबलं. पण वहिनीचा रविवारचा फोन बंद झाला. जेवलासा का, एवढंच विचारायची ती. अण्णा गेल्यापासून माझं कागलचं घर त्या फोनाएवढंच उरलं होतं. दादाला मध्ये पडायला सांगितलं, तर म्हणाला, मला त्या घरात दोन्ही वेळ जेवायचंय, तुमचं तुमी बघा.

मी कागलला गेलो. वहिनी धारेला बसली होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "चोर पकडाय कॅमेरा लावलासा, आनि त्यात रोज दिसतंय कोन? मीच. म्हंजे चोर मीच की, भावजी."

मी म्हणालो, कट्ट्यावर पण लोक बघतातच की. बोलून झाल्यावर माझं मलाच ते पोकळ वाटलं.

लहानपणी अण्णा मला कट्ट्यावर न्यायचे. गवळ्याच्या अगदी शेजारी उभे राहून म्हशीच्या सुजलेल्या पायाचं, वैरणीचं विचारत बसायचे. तोही धार काढता काढता आमच्या उसाला तोड कधी मिळतीय ते विचारायचा. मी एकदा हळूच म्हटलं, नजर ठेवताय व्हय? तर म्हणाले, "नजर कसली? वळख वाढवतोय." तिथं गवळ्यालाही गिऱ्हाईक दिसत होतं. वहिनीला सोसायटीतलं एकही तोंड दिसत नव्हतं. फरक एवढाच असावा. की आणखी काही आहे? मी अजून शोधतोय.

तोडगा वहिनीनंच काढला. त्या बायकांना हितं घेऊन या म्हणाली, त्या मला बघू द्यात, मी त्यास्नी बघतो. कॅमेरा मी त्याच दिवशी उतरवला आणि पुढच्या सुट्टीत देशपांडे काकू आणि आणखी दोघींना घेऊन गेलो. परकी माणसं बघून म्हशीनं पान्हा चोरला. तेवढ्या वेळात वहिनीनं काकूंचे गुडघे, सून आणि माहेर काढून घेतलं. माहेर निघालं निपाणीचं, वहिनीच्या मावशीच्या गल्लीतलं. मग काय! म्हैस पान्हवली तेव्हा तिच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती, आणि शुद्धतेचा विषय परत निघाला नाही.

आता तूप थेट काकूंच्या नावानं येतं. माझी कार्डं खिडकी वाजू नये म्हणून फटीत घालायला उपयोगी पडतात. रविवारचा फोन पुन्हा सुरू झालाय, तरी मला तेवढ्यावर भागत नाही. सोसायटीत कुणी मला निरखून बघितलं तर मी शर्टाची बटणं तपासतो. कागलला चुलीपुढं वहिनी तशीच निरखून बघते, आणि मी निवांत जेवत राहतो. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर सध्या माझ्याकडं एवढंच उत्तर आहे.

परवा असाच जेवताना धीर करून विचारलं, वहिनी, आता तरी माझ्यावर विश्वास बसला का? तिनं ताटात भाकरी टाकली आणि माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

"समोर बसवून बघितलं तरी तुमचं निम्मंच खरं धरतो आमी."