तानुबाईचे दात

पारोळ्याच्या बाजारात तानुबाई दातून, म्हणजे दात घासायच्या काड्या, विकायला बसे, पण कधी ओरडत नसे. गिऱ्हाईक आलं की अख्खी सुपारी दाढेखाली घेऊन कडकन फोडून दाखवी. साठीतल्या बाईचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, हीच तिची जाहिरात. समोरच्या दुकानात पेस्टच्या नळ्या लटकत, तरी खेड्यातली माणसं आधी तिच्याकडे वळत.

एक्क्याण्णव साली धुळ्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक तिच्या बाभळीच्या काड्या तपासायला घेऊन गेले. महिन्याने आले ते कागद घेऊनच. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला, मग तिचा चेहरा पाहून सोपं केलं. लोखंड गंजतं तसं अंगातही आतून गंजत असतं, आणि प्रयोगाच्या नळीत तुमच्या काडीच्या रसानं ते पेस्टपेक्षा जास्त रोखलं, म्हणाले. कागदावर गोल शिक्का होता.

तिथेच घात झाला. शिक्का म्हणजे सरकार, आणि सरकारनंच वाखाणलेली बाभूळ तोडायला मनाई कोण करणार? अभिमन पाटलानं त्याच्या बांधावरच्या बाभळीला हात लावू नको म्हणून तिला दोनदा दम दिला होता. तिसऱ्यांदा ती कोयता आणि कागद दोन्ही घेऊन गेली.

"सरकारी कागद शे. देखी ले," ती म्हणाली.

अभिमननं कागद टराटरा फाडला आणि कोयता हिसकला. तानुबाईनं त्याच्या डाव्या मनगटात दात रोवले. सोडेचना. रक्त तिच्या हनुवटीवरून लुगड्यावर उतरलं. त्या नामर्दानं कोयत्याची मूठ म्हातारीच्या तोंडावर हाणली, पुन्हा हाणली, ती खाली पडेपर्यंत हाणतच राहिला. पुढचे सहा दात गेले, दाढा खिळखिळ्या झाल्या. मनगट शिवताना डॉक्टरला आत दाताचा एक तुकडा सापडला, ही बातमी तालुकाभर झाली.

तीन आठवड्यांनी ती बाजारात बसली. बोळक्या तोंडाच्या बाईकडून दातून कोण घेणार, या धास्तीनं ती काड्यांच्या जुड्या पुन्हा पुन्हा रचत होती.

"अक्का, तुना दात कोठे ग्यात?" एकानं खवचटपणे विचारलं.

"अभिमनना मनगटले इचार!"

अख्खा बाजार हसला. दुपारच्या आत सगळ्या जुड्या संपल्या.

घरी येऊन तिनं राखून ठेवलेली एक काडी तोंडात धरली. दाढेनं ती चाववेना. मार खाताना न रडलेली तानुबाई तेव्हा हमसून हमसून रडली.