व्याह्यांचा झोका

मायला वाऱ्याची भीती वाटायची आणि बाबांना पाण्याची. एका घरात दोन भित्री माणसं असायला हरकत नाही, पण त्यांनी निदान एकाच गोष्टीला भ्यावं. आमच्याकडे चैत्र लागला की आधी कशाला भ्यायचं, यावरून रोज वाद सुरू व्हायचा.

माय धुळ्याकडच्या माळरानावर वाढलेली. तिथे वैशाखात वावधन येतं, म्हणजे धुळीचे लोट घेऊन असा वारा सुटतो की छपरंच्या छपरं उचलून नेतो. तिच्या वडिलांच्या गोठ्याचं छप्पर एकदा तिसऱ्या शेतात जाऊन पडलं आणि त्यावर बसलेली कोंबडी जिवंत निघाली, असं ती शपथेवर सांगायची. बाबा अठराव्या वर्षी सुरतेला आले आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी रेल पाहिली. सुरतेत पुराला रेल म्हणतात. कमरेएवढ्या पाण्यात डोक्यावर पेटी धरून ते दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उभे होते. पेटीत एवढं काय होतं, असं विचारलं की म्हणायचे, "एक सदरा आन मनी मायनी देयेल शेवया."

आमची खोली पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या मिलांच्या मागे, खाडीच्या अंगाला होती. खाडीचं पाणी लाल दिसलं की आज बाबा लाल हातांनी घरी येणार, हे मला शाळेतून येतानाच कळायचं. भिंती विटांच्या, वर लाकडी वासे आणि वाशांवर पत्रे. पत्र्यांवर बावीस विटा आणि ट्रकचा एक झिजलेला टायर. हा सगळा सरंजाम मायचा. दर चैत्रात ती मला वर चढवायची आणि खाली उभी राहून कुठली वीट कुठे सरकवायची ते सांगायची. वाळवणाचे पापड मोडले तर चालायचं, पण वीट हललेली तिला खपायची नाही.

त्या वर्षी ताईला सातवा महिना लागला होता. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, आदल्या वर्षीच नंदुरबारजवळच्या एका गावात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. पण बाळ येणार होतं आषाढात, आणि आषाढ म्हणजे आमच्याकडे खाडी वर येण्याचे दिवस. ताईच्या सासऱ्यांचं पत्र आलं. सुनेला आखाजीला मीच घेऊन येतो, घर पाहतो, मनाला पटलं तर ठेवतो, नाहीतर सण करून परत नेतो. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आम्हा खानदेशी माणसांना ती दिवाळीहून मोठी. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात.

पत्र मीच वाचून दाखवलं. माय गोधडी शिवत होती. बाबांनी मिलमधून आणलेल्या चिंध्यांच्या तीन एवढ्याएवढ्या गोधड्या तिने बाळासाठी घातल्या होत्या. तिची सुई थांबली. मला तेव्हा दहावं सरलं होतं, तरी मला ठाऊक होतं की ताईच्या वेळी मायला माहेर नव्हतं. तिची आई आधीच गेलेली. सासरी, परक्या बायकांमध्ये, कुणाचा हात धरावा ते न कळून तिने खाटेचा पाय धरला होता. ते ती कधीतरी भाकरी थापता थापता सहज बोलून गेली होती. मन्या पोरनं तसं नही व्हवानं, माझ्या पोरीचं तसं नाही व्हायचं, एवढंच ती म्हणाली होती.

बाबांनी मात्र पत्र मनाला लावून घेतलं. व्याह्यांना घर पाहायचंय ना, मग दाखवतोच, असं म्हणून ते कामाला लागले. भिंतीत उंचावर फळी ठोकली. रेशनकार्ड, माझा शाळेचा दाखला आणि ताईच्या औषधांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीवर गेले. बाळाच्या गोधड्याही गेल्या. मग खाट उंच करायची होती. एकेका पायाखाली चार म्हणजे सोळा विटा हव्यात, पेटीखाली सहा. सोळा आणि सहा बावीस. बाबांनी वर पाहिलं.

"आयकतस का," माय म्हणाली, "त्या इटांले हात लावू नका. वैशाख तोंडवर शे."

"वावधन तठे गावले येस," बाबा म्हणाले. "आठे सुरतमा पानी येस."

विटा खाली आल्या. टायरही आला. पोराची सासुरवाडी आहे की भंगारचं दुकान, असं व्याह्यांना वाटेल म्हणे. मायने त्या दिवशी बाबांच्या डब्यात लोणचं घातलं नाही. आमच्या घरातला सगळ्यात मोठा निषेध तोच.

झोका मात्र दोघांनी मिळून बांधला. गावाकडे कडुनिंबाच्या फांदीला बांधतात. आमच्या गल्लीत झाड नव्हतं, म्हणून खोलीच्या मधल्या जाड वाशाला बांधला. नवा काथ्याचा दोर, बसायला पाट. ताईने नुसतं बसायचं, पाय जमिनीवरून उचलायचे नाहीत, अशी ताकीद मायने तिच्या येण्याआधीच मला देऊन ठेवली.

आखाजीच्या आदल्या दिवशी ताई आणि तिचे सासरे उधना स्टेशनवर उतरून रिक्षाने आले. ताईचे सासरे म्हणजे दार भरून टाकणारा माणूस. पांढरं धोतर, टोपी, आणि बोलणं मोजकं. त्यांनी खाटेखाली वाकून पाहिलं, पेटी हलवून पाहिली, फळीवरचे कागद पाहिले.

"पानीनी तयारी चांगली शे," ते म्हणाले. बाबा एवढे फुलले की त्यांनी मायकडे बघून घसा खाकरला.

माय सहसा त्यांच्यासमोर येत नव्हती, चुलीपुढे बांधलेल्या पडद्याआडच असायची. व्याह्यांपुढे डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, आणि काही विचारलंच तर उत्तर माझ्यामार्फत. दोन दिवस मी मायचं तोंड होते. मला त्याचा फार तोरा होता.

आखाजीच्या सकाळी माझ्या आजा-आजीच्या नावाने घागर भरली. कोरी घागर, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज आणि सांजोरी. पुरणपोळी आणि आंब्याचा रस झाला. मग ताईचे सासरे दारातून खाडीपर्यंत पावलं टाकत गेले आणि तशीच मोजत परत आले. चार वाजले असतील. ताई झोक्यावर बसली होती आणि मी तिच्या पायाशी.

"याही, घर चांगलं शे," ते बाबांना म्हणाले. "पन खाडी साठ पावलंवर शे. आषाढमा रातले पानी उनं तं पोरले कोठे लई जाशात? सकाय आम्ही निंघतस."

उद्या निघतो. बाबांनी फळीवरची पिशवी उगीच सरळ केली. ताईने मान खाली घातली. पडद्याआड चुलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मला सासऱ्यांचा भयंकर राग आला. त्यांच्या मोठ्या जोड्यांमध्ये खडे भरून ठेवावेत असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात उजेड बदलला. दारातून येणारं ऊन तपकिरी झालं. माय पडद्याबाहेर आली, दारात उभी राहिली आणि तिने नुसता वास घेतला.

"वावधन," ती म्हणाली.

पुढचं फार भराभर झालं. भेस्तानच्या बाजूने धुळीची भिंतच चालत आली. गल्लीतली कपड्यांची दोरी, कुणाचं तरी टोपलं, कोंबड्या, सगळं एकाच दिशेने निघालं. "पतरा पकडो, पतरा!" म्हणून शेजारचा गुजराती काका ओरडत होता. आमच्या डोक्यावर पत्रे आधी थरथरले, मग वाजू लागले, आणि मग भिंत आणि वासा यांच्यामध्ये मला आकाश दिसलं. चांगलं चार बोटं आकाश. वरची वीटन् वीट तेव्हा खाटेखाली शांतपणे बसली होती.

मायने ताईला आणि मला धरून खाटेखाली ढकललं. खाट उंच होती म्हणून ताई पोटासकट आत मावली. मग माय वळली. डोक्यावर पदर नव्हता, केस सुटलेले, आणि जिने दोन दिवसांत व्याह्यांसमोर चकार शब्द काढला नव्हता ती माय खोली दणाणून टाकत ओरडली,

"याही! झोकावर बसा! बसा म्हनस ना!"

आखाजीचा झोका बायकांचा. पुरुष तो बांधून देतो आणि बाजूला होतो. सासरे क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग शाळेतल्या मुलाने बाईंचं ऐकावं तसे मुकाट्याने पाटावर जाऊन बसले. त्यांच्या वजनाने वर गेलेला वासा धप्पदिशी परत भिंतीवर आला. एका बाजूच्या दोराला बाबा लटकले, दुसऱ्या बाजूला माय.

खाटेखालून मला फक्त पाय दिसत होते. मधोमध व्याह्यांची मोठाली पावलं, त्यांच्या एका अंगाला बाबांच्या लाल रंगलेल्या टाचा आणि दुसऱ्या अंगाला मायची जोडवी. वारा आला की सहाही पाय जमिनीवरून वीतभर उचलले जायचे आणि परत टेकायचे. ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचे वळ माझ्या मनगटावर दोन दिवस राहिले. कोपऱ्यातला एक पत्रा मोठ्याने किंचाळला आणि गेला. त्या भोकातून वाऱ्यामागोमाग आलेला पाऊस सरळ फळीवर कोसळला. प्लास्टिकमधले कागद वाचले, पण बाळाच्या तिन्ही गोधड्या भिजून खाली लोंबू लागल्या. बाकीचं छप्पर जागच्या जागी राहिलं.

सगळं मिळून अर्धा तासही झाला नसेल. वारा पडला तेव्हा बाबा जमिनीवर बसले. सासरे तसेच झोक्यावर, टोपी गेलेली, दोन्ही मुठी दोरावर. ते दबकत म्हणाले,

"याहीन, आते उतरू का मी?"

मायला तेव्हा भान आलं. तिने पदर ओढला तो हनुवटीपर्यंत, आणि उत्तर न देता पडद्याआड पळाली. थोड्या वेळाने तिने माझ्या हाती चहा पाठवला. उतरायची परवानगी काही मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी तो चहा झोक्यावर बसूनच प्यायला. कपबशी धरताना त्यांचे तळवे सोललेले दिसले.

"पत्रावरल्या इटा कोनी काढ्यात?" त्यांनी विचारलं.

बाबांनी खाटेच्या पायाकडे पाहिलं. ताई आधी हसली. पोट धरून, भिजलेल्या डोळ्यांनी हसत सुटली, आणि मग आम्हाला कुणालाच आवरेना. सासरे हसले नाहीत. ते वरच्या भोकातून दिसणाऱ्या धुतलेल्या आकाशाकडे बघत राहिले.

"सून आठेच ऱ्हाई," ते म्हणाले. "जठे बाई याहीले हुकूम देस, तठे पोरले काय भ्याव?"

सून इथेच राहील, जिथे बाई व्याह्याला हुकूम देते तिथे पोरीला कसली भीती, असं म्हणाले ते. पडद्याआड माय चुलीपुढे बसली होती. ती रडत होती आणि तोंडात पदर कोंबून तो आवाज दाबत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. बाहेर काय सांगू, असं मी विचारलं तर तिने नुसती मान हलवली. ती मान 'हो' म्हणाली की 'नाही', ते मला आजही सांगता येणार नाही.

सासरे दोन दिवस जास्त राहिले. धोतर खोचून त्यांनी नवा पत्रा स्वतः बसवला, बाबांनी खालून खिळे दिले. बावीस विटा वर गेल्या आणि खाटेसाठी वेगळ्या आल्या. टायरही परत गेला. आषाढात ताईला मुलगी झाली. बाळंत होताना मायने ताईला पोटाशी धरून ठेवलं होतं, आणि तिला धरायला खाटेचा पाय लागला नाही. बाळ पंधरा दिवसांचं असताना रेल आली, उंबऱ्याच्या आत वीतभर. उंच खाटेवर ताई आणि बाळ कोरडी, आणि खाली निळसर पाण्यात बाबा पँट दुमडून असे ऐटीत फिरत होते की जणू पाणी त्यांनीच बोलावलं होतं. मायने त्यांना त्या दिवशी दोन फोडी लोणचं वाढलं.

त्यानंतर दर वर्षी आखाजीच्या आधी ताईचे सासरे नवा दोर घेऊन यायचे. वासा चाचपून पाहायचे, झोका बांधायचे आणि आधी स्वतः बसून दाखवायचे. गल्लीतली पोरं फिदीफिदी हसायची. माय पडद्याआडून चहा पाठवायची, ते तिथेच बसून प्यायचे. दोघं एकमेकांशी पुन्हा कधी थेट बोलली नाहीत. रीत ती रीत.

मग एका वर्षी दोर आला तो भाऊजींच्या हाती. सासरे माघातच गेले होते. जाण्याआधी दोर आणून ठेवला होता म्हणे.

त्या आखाजीला मायने दोन घागरी मांडल्या. शेजारच्या बाया कुजबुजल्या, की दुसऱ्या कुळाच्या माणसाची घागर आपल्या घरात भरत नसतात, ती त्याच्या पोरांनी भरायची. मायने ऐकलं आणि भरली. खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली आणि घागरीच्या गळ्याशी नव्या दोराचं वेटोळं ठेवलं. मग डोक्यावरचा पदर नीट नाकापर्यंत ओढून ती वाकली आणि या वेळी माझ्यामार्फत नाही, स्वतःच म्हणाली,

"याही, आते उतरा. वारा थांबी गया."