गढूळ पाण्याची बाटली

तिरुवैयारूच्या तालुका कचेरीसमोर, करंजाच्या सावलीत, माझे टेबल गेली कित्येक वर्षे एकाच जागी आहे. जमिनीचा उतारा, विधवेचे निवृत्तिवेतन, कालव्यात साचलेला गाळ, पुरात बुडालेले भात, या विषयांवर सरकारास काय लिहावे आणि कसे लिहावे, हे या गावात मला विचारले जाते. माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले, ही गोष्ट मी कधी लपविली नाही. परंतु ज्यांचे पुढे गेले त्यांचेही अर्ज मीच लिहिले आहेत. तमिळ माझ्या धंद्याची भाषा, मराठी घराची. पिढ्यान्‌पिढ्या या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या लोकांत मराठी बोलणारे अद्याप पुष्कळ आहेत, देवनागरी लिहिणारे मोजके. त्या मोजक्यांपैकी एक असल्यामुळे हे स्मरण मी मराठीत लिहीत आहे.

ज्या वर्षाविषयी सांगत आहे, त्या वर्षी धरणाचे पाणी अजून खाली आले नव्हते आणि कावेरीच्या पात्रात नुसती वाळू होती. एके दिवशी सकाळी एक तरुण बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पायांत बूट, पाठीवर पिशवी, उन्हाने रापलेला चेहरा. मी स्टूल पुढे सरकविले, कोरा कागद घेतला, पेनचे टोपण काढले आणि विषय काय म्हणून विचारले. तिने विचारले, नदीच्या पायऱ्यांना लागून जे जुन्या कौलांचे घर आहे ते तुमचेच काय? मी होकार दिला. मग ती म्हणाली की त्या घरातल्या अक्का रोज पहाटे नदीवर जातात असे तिला कळले आहे, आणि तिला त्यांना भेटायचे आहे.

अक्का म्हणजे माझी पत्नी. मी पेनचे टोपण पुन्हा लावले.

ती नदीचा अभ्यास करणारी होती. पूर चढताना आणि उतरताना नदी किती माती, किती वाळू वाहून आणते, ती कोठे टाकते, आणि तिच्या पाण्यात माणसांची घाण किती मिसळते, हे तिला व तिच्या सोबत्यांना शोधायचे होते. वरच्या पुलाला त्यांनी एक यंत्र टांगले होते. परंतु यंत्रावर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून ठिकठिकाणी कोणीतरी रोज हाताने एक बाटली पाणी भरून ठेवणे आवश्यक होते. नदीवर रोज जाणारे माणूस त्यासाठी उत्तम, असे तिचे म्हणणे. पावसाळा संपला की यांतील काहीच ठिकाणे पुढील वर्षांसाठी कायम ठेवायची, बाकीची बंद करायची, हेही तिने तेव्हाच सांगितले.

मी माझी सेवा देऊ केली. नुसत्या बाटलीने काय कळणार? नदीचा रंग, वेग, तिच्यावरचा फेस, वारा, या सर्वांचा सविस्तर अहवाल मी रोज सुवाच्य अक्षरांत देईन, असे मी म्हणालो. तिने नम्रपणे ऐकून घेतले.

"सार, अर्ज नको," ती म्हणाली. "पाणी हवं."

माझ्या आयुष्यात अर्ज नको म्हणणारे माणूस त्या टेबलासमोर पहिल्यांदाच उभे होते.

माझ्या पत्नीस तिने पायऱ्यांवर नेऊन दाखविले: वाहत्या पाण्यापर्यंत जायचे, बाटलीचे तोंड प्रवाहाकडे धरायचे, बाटली बुडवून भरायची, झाकण घट्ट लावायचे, वर वेळ लिहायची. माझी पत्नी मन लावून ऐकत होती. आमची मुले बाहेरगावी नोकरीला आहेत. घरात ती आणि मी. लग्न होऊन आल्यापासून तिने जे केले ते सर्व घरासाठी केले, आणि घर ते धरूनच चालले. कोणी परक्याने येऊन, हे काम तुमच्यावाचून अडेल, असे तिला कधी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी पोळीचा गोळा हातात धरून ती मला म्हणाली, "अहो, आपली पायरी त्यांनी कायम ठेविली तर बरें होईल." मी म्हणालो, बघू. जणू ठरविणारा मीच होतो.

आषाढाच्या सुमारास, आडी महिन्यात, पाणी आले आणि घर बदलले. पूर्वी माझी कॉफी आधी, मग देवपूजा. आता नदीचे पाणी आधी, माझी कॉफी मागाहून. त्या बाईचा फोन आला की माझ्या हातातून तो पत्नीकडे जाई, आणि दोघी नदीविषयी बोलत. पाणी काल किती होते, आज लाल का दिसते, वर कोठे पाऊस झाला. माझी पत्नी असे प्रश्न विचारते हे मला ठाऊक नव्हते. तिने ते मला कधी विचारले नव्हते, आणि मला त्यांची उत्तरे येत नव्हती, या दोहोंपैकी अधिक काय लागले हे सांगणे कठीण आहे.

आडीच्या अठराव्या दिवशी बायका नदीची पूजा करतात, नव्या पाण्याला हळदीचा दोरा वाहतात आणि पायऱ्यांवर बसून चित्रान्न खातात. त्या वर्षी ती बाई त्यांच्यात मांडी घालून बसली. माझ्या पत्नीने तिच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला, लिंबाचा भात, चिंचेचा भात तिच्या पानावर वाढला आणि काही बोलून इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मी वरच्या ओट्यावर उभा होतो. पुरुषांनी त्या दिवशी तेथे बसण्याची रीत नाही, आणि मला बसायचेही नव्हते. परंतु ती कशावर हसली हे मी रात्री विचारले, तर म्हणाली, आठवत नाही.

गावातही तसेच होऊ लागले. दिवाळीच्या सुमाराचे, ऐप्पशी महिन्याचे पाऊस लागले, नदी पायऱ्या गिळत वर आली, आणि वाटेत भेटणारा प्रत्येकजण माझ्या पत्नीस विचारी की आणखी चढेल काय. पापनाशमच्या बाजूचा एक शेतकरी, माझा जुना पक्षकार, टेबलाशी आला. त्याच्या शेतालगतचा बांध टिकेल की नाही या चिंतेत तो होता. मी त्यास पूर, गाळ, बांधाची माती आणि सरकारचे कर्तव्य यांवर बराच वेळ समजावून सांगितले. त्याने सर्व ऐकले, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि विचारले, "अय्या, ते खरं. पण अक्का काय म्हणतात?"

शेजारच्या टेबलावरचा अर्जनवीस, जो एरवी माझ्याशी बोलत नाही, तो मुद्दाम खोकला. पुढे कित्येक दिवस मला पाहताच तो, अक्कांना नमस्कार सांगा, एवढेच म्हणे.

पूर ओसरू लागला असता ती बाई पुन्हा माझ्या टेबलाशी आली. या वेळी ती घरी गेली नव्हती, थेट माझ्याकडे आली होती, आणि स्टूल दिल्यावर बसली. तिच्या बोलण्यात संकोच होता. आमच्या पायरीच्या बाटल्या ठीक येत नाहीत, असे ती म्हणाली. पाणी निवळ होते तोवर फरक दिसला नाही. परंतु पूर आल्यावर पुलाखालचे पाणी चहासारखे गढूळ, खालच्या गावच्या बाटल्या तशाच गढूळ, आणि मधल्या आमच्या बाटल्या झऱ्याच्या पाण्यासारख्या स्वच्छ. घाणीची तपासणी केली तर तीही जवळजवळ नाही. "सार, या बाटल्यांकडे पाहिलं तर तिरुवैयारूत माणसंच राहत नाहीत असं वाटतं," ती म्हणाली. मग खाली पाहत तिने विचारले, अक्कांची तब्येत बरी आहे ना? पूर असताना नदीवर उतरणे अवघड. एखादे वेळी घरातल्या नळाचे पाणी भरले गेले असेल काय? तसे असल्यास तिला राग नाही. मात्र ठिकाणे ठरविण्याची बैठक जवळ आली आहे, आणि आमची पायरी तिला वगळावी लागेल.

ज्या गोष्टीची मी पाऊस सुरू झाल्यापासून वाट पाहत होतो, ती माझ्यासमोर स्टुलावर बसली होती. मी केवळ मान हलविली असती, तिचे वय झाले आहे एवढे म्हटले असते, तरी पुरे होते. कॉफी पुन्हा आधी मिळाली असती. फोन माझ्या हातात राहिला असता. शेतकरी माझे ऐकून घरी गेले असते. हे सर्व मला तेथे बसल्या बसल्या स्वच्छ दिसले.

परंतु ती माझ्या घराविषयी बोलत होती. आमच्या घरचे माणूस नळाचे पाणी नदीचे म्हणून देते, हे वाक्य कोठेतरी कागदावर उतरेल, आणि तो कागद मी लिहिलेला नसेल, हे मला सहन झाले नाही. शिवाय या बाईने माझ्या पत्नीस माझ्याहून अधिक ओळखल्याचा आव इतके महिने आणला होता, आणि तिला एवढेही कळले नव्हते.

"माझी बायको खोटं पाणी देणार नाही," मी म्हणालो. "उद्या पहाटे या आणि स्वतः पाहा."

ती आली. मी घरी काही बोललो नव्हतो. मीही तिच्यासोबत पायऱ्यांच्या वरच्या टोकास उभा राहिलो. माझी पत्नी ओल्या पायऱ्यांवरून, भिंतीला हात लावीत, पार पाण्यापर्यंत उतरली. वाकून तिने तांब्याचा चेंबू, आमच्याकडचा लोटा, प्रवाहात बुडविला, पाणी डोक्याला लावले आणि चेंबू घेऊन वर आली. बाटली तिच्याजवळ नव्हतीच. आम्हांला पाहून ती थबकली, हसली, आणि कॉफी घेऊन जा म्हणत घराकडे निघाली. आम्ही मागोमाग गेलो.

घरी तिने चेंबू देवापुढे ठेवला. असा भरलेला चेंबू मी रोज तेथे पाहत असे आणि पूजेचा समजत असे. तिने दिवा लावला, स्तोत्र म्हटले, दूध तापविले, आम्हांला कॉफी दिली. तोवर माती तळाशी बसली. मग तिने बाटलीच्या तोंडावर धुतलेल्या पंच्याचा तुकडा दुहेरी करून ठेवला आणि वरचे वरचे निवळ पाणी हळुवार हाताने गाळून बाटलीत भरले. तळाचा गाळ अंगणातल्या तुळशीला घातला. बाटली पुसली, वेळ लिहिली, आणि दोन्ही हातांनी त्या बाईपुढे धरली.

बाईने बाटली घेतली नाही. तिने हळूच विचारले, "अक्का, रोज असंच करता?"

"पहिल्या दिवशी तू सांगितलंस तसं केलं," माझी पत्नी म्हणाली. "मग मनाला पटेना. प्लास्टिक नदीत कसं बुडवायचं? आणि कण्णू, बाळा, घरी आलेल्या लेकीच्या हातात गढूळ पाणी कोणी देतं का?"

ती बाई जमिनीवर बसली. तिने न रागावता सर्व सांगितले. तिला माती हवी होती, तीच तुळशीला जात होती. घाणीतले जंतू मोजायचे होते, ते काही गाळाबरोबर जात होते, काही तांब्याच्या भांड्यात मरत होते. पुराच्या सर्व दिवसांच्या बाटल्या आता टाकून द्याव्या लागणार होत्या. माझ्या पत्नीने एकच विचारले, पायरी गेली काय? बाई म्हणाली की बैठक व्हायची आहे, आणि ती स्वतः सांगून पाहील. पण दाखवायला एक तरी खरी बाटली हातात हवी.

ती गेल्यावर माझी पत्नी ओल्या पंच्याचा तुकडा हातात घेऊन बसून राहिली. डोळ्यांत पाणी नव्हते. मी जवळ गेलो. इतक्या वर्षांत तिच्यासाठी मी काही लिहिले नव्हते. तिने कधी मागितलेच नव्हते. मी म्हणालो, "अगे, मी अर्ज लिहितो. बैठकीतल्या सर्वांच्या नावे. हेतू शुद्ध होता, चूक रीतीची होती, असे मांडले की कोणी नाही म्हणणार नाही." आणि मनात मी आरंभाचे वाक्य जुळवूही लागलो होतो. ते उत्तम वाक्य होते.

"नको," ती म्हणाली. "अर्ज कशास? उद्यां पाणीच देतें."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बाई पुन्हा पायऱ्यांवर होती, मी वर उभा होतो. माझ्या पत्नीने चेंबू माझ्या हातात दिला, धर म्हणाली, आणि बाटली घेऊन उतरली. वरच्या भागात पाऊस झाला असावा. पाणी दाट, विटकरी, काड्याकचऱ्यासह येत होते. तिने बाटलीचे तोंड प्रवाहाकडे धरले. ती बुडविताना तिने तोंड दुसरीकडे वळविले, शिळे अन्न पाहुण्याच्या पानात वाढावे लागले असते तर वळविले असते तसे. बाटली भरली. झाकण लावून, न पुसता, तिने ती वर आणली, आणि मान खाली घालून पुढे केली.

त्या बाईने बाटली उजेडाकडे धरली. आत माती गोल फिरत होती. ती पाहत राहिली, बाटली उलटी केली, सुलटी केली, पुन्हा पाहिली. "हेच, अक्का," ती म्हणाली. "हेच हवं होतं."

पायरी कायम राहिली, हे नंतर फोनवर कळले. फोन अर्थातच माझ्यासाठी नव्हता. माझ्या मनात मात्र ती पहाटच राहिली आहे. या टेबलावर बसून मी असंख्य अर्ज लिहिले. ते अधिकाऱ्यांनी घेतले, वाचले, कधी मंजूरही केले. परंतु त्या बाईने नदीच्या गढूळ पाण्याकडे ज्या डोळ्यांनी पाहिले, तसे माझ्या एकाही ओळीकडे कोणी पाहिलेले मला आठवत नाही. रिकामा चेंबू हातात धरून मी वर उभा होतो, आणि खाली दोघी ती बाटली एकमेकींच्या हातातून घेऊन पुन्हा पुन्हा उजेडाला धरीत होत्या.